सतरंजीवर पडलेला पिक

किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं राव! कीबोर्डची बॅग झाडायला घेतली की कुठल्या तरी खणातून गिटारचा एक पिक निघतो, अन् त्याच्या मागं त्याचा किस्सा. परवा तर बायकोनं वॉशिंग मशीनमधून एक काढला अन् माझ्यापुढं आपटला. म्हणली, "घ्या, तुमच्या सरांचा!" मी तो हातात घेऊन बसलो. चहा गार होऊन गेला, प्यावासा वाटला न्हाई.

सर म्हंजे मिलिंदसर. परतूरच्या शाळेत गणित शिकवतात अन् आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. मी दिगू, कीबोर्डवर. बंडू ढोलकीवर, अन् तोंडानं त्याहून जास्ती. लग्न, हळद, जयंती, कुठं बी बोलवा, आम्ही हजर. पिक म्हंजे गिटारची तार छेडायची चकती, अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी. एवढीशी चीज! पण सरांच्या मानेतली नस दबली अन् उजव्या हाताचा अंगठा अन् त्याच्या शेजारचं बोट बधिर होत चाललं. जालन्याच्या डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, ऑपरेशन केलं तरी जाण परत येईल याची गॅरंटी न्हाई.

सर आमच्याकडं आले अन् म्हणाले, "डावा हात बिलकुल ठीक हाये. उजव्याला फक्त बराबर पिक पाह्यजे." तेव्हापास्नं आमचं एकच काम. सरांच्या हातात टिकंल असा पिक शोधायचा अन् सरांची गिटार सुटू द्यायची न्हाई.

* * *

सरांची पिक निवडायची रीत न्यारी. ते पिक हातात घेऊन बघायचे न्हाईत, टेबलावर टाकून ऐकायचे. वीतभर उंचीवरनं सोडायचा अन् कान द्यायचा. पातळ, मऊ पिक 'टप' करून पडतो, कडक असला तर 'टिक'. "टप वाजला तर टोन मऊ, हळू गाण्याला. टिक वाजला तर टोन उघडा, मांडवाच्या शेवटल्या माणसापर्यंत जातो," असं त्यांचं शास्त्र.

संभाजीनगरच्या एका दुकानात सर काचेच्या काउंटरवर एकामागं एक पिक टाकून राह्यल्ते. टिक, टप, टप, टिक. दुकानदार आधी हसला, मंग चिडला. "सर, हे दुकान हाये, कॅरमबोर्ड न्हाई!"

सर मान वर न करता म्हणाले, "मुका माल गळ्यात मारू नका, मी लगेच जातो!"

* * *

आमच्याकडं बाजारात पिक मिळतच न्हाई. म्हणून बंडूनं कारखाना काढला. शाम्पूची बाटली कापली, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापलं. जयंतीच्या फास्ट गाण्यात त्यातलं एक बी टिकलं न्हाई. कडेला चिरायचं, न्हाई तर टोक बोथट व्हायचं.

एक दिवस मात्र बंडूनं जबरदस्त पिक आणला. कडक, गुळगुळीत, टेबलावर पडला तो खणखणीत टिक! सर खूश. सगळी रिहर्सल त्याच्यावर झाली. शेवटी सरांनी पिक उलटा केला तर त्यावर एक कान अन् अर्धा डोळा!

"बंडू, हा कोण रे?"

"मीच हाये सर. आधार कार्ड कापलं."

"अरे येड्या!"

"मंग काय करू? इतकं कडक प्लास्टिक घरात दुसरं सापडंना!"

सर पिककडं बघत म्हणाले, "टोन लई भारी हाये रे, पण अर्ज केल्याशिवाय वाजायचा न्हाई!" अन् हसले, डोळ्याला रुमाल लावेपर्यंत हसले. त्यानंतर सर तसे हसलेले मी पाह्यले न्हाईत. म्हणून हा किस्सा मी दर खेपेला सांगतो, तुम्ही आधी ऐकला असला तरी ऐकून घ्या.

* * *

शहागडला लग्नाला गेल्तो. वाजवता वाजवता सरांच्या बोटातून पिक निसटला अन् गिटारच्या पोटात गेला. तिथं गेलेला पिक सहजी निघत न्हाई, गिटार उलटी करून हलवावी लागते. लग्न आटपल्यावर हायवेच्या कडेला आमचं ते काम चाललं. ऊन लागू नये म्हणून गिटारला टॉवेल गुंडाळलेला. सर उलटी धरून हलवताहेत, बंडू पाठीवर थापट्या मारतोय.

कच्चकन एक ट्रक थांबला. ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन पळत आला. "बच्चे के गले में क्या अटका?"

टॉवेल बाजूला केल्यावर त्यानं आम्हाला जे सुनावलं ते मला सांगता यायचं न्हाई!

तेवढ्यात गिटारनं पोट मोकळं केलं. अक्षता पडल्या, आधार कार्डाचा कान पडला, अन् पिकवर पिक पडत राह्यले. मी अन् बंडू लोटपोट. सर मात्र खाली बसून एकेक पिक उचलत होते.

"दिगू," ते म्हणाले, "ह्यातला एकच पडलेला मला माहीत होता. बाकीचे कधी पडले रे?"

आमचं हसणं तिथंच थांबलं.

* * *

मंग पकड वाढवायचे उद्योग सुरू झाले. पिकला भोकं पाडली, सँडपेपर घासला, पंक्चरवाल्याकडनं ट्यूबचा तुकडा चिकटवून आणला. मंठ्याला हळदीच्या कार्यक्रमात सर म्हणाले, "बंडू, पंक्चरचं सोल्यूशन लाव अन् सरळ अंगठ्यालाच चिकटव!"

अन् काय सांगू, जमलं! गिटार अशी वाजली की नवरदेवाचा आजा उठून नाचला. मंग पंगत बसली. पिक काही निघंना. सर तसेच पुरीभाजी खायला लागले. वाढणाऱ्या बाईला दया आली. "गुरुजी, चमचा देऊ का?"

"नको मावशी," बंडू ओरडला, "त्यांनी घरूनच लावून आणलाय!"

सगळी पंगत हसली. पुढचं मला वैनींनी सांगितलं. घरी त्यांनी तेल लावून पिक ओढला तर चामडी सोलून निघाली, फरशीवर रक्त पडलं. अन् सर दुसरीकडं बघत विचारून राह्यल्ते, "निघाला न्हाई का गं अजून?"

हे सांगताना वैनी रडल्या.

* * *

टेबलावर पडलेला पिक वाजतो, पण स्टेजवर सतरंजी असते. तिथं पडला की ना टिक, ना टप. सरांच्या बोटाला कळत न्हाई अन् ढोलकीच्या दणक्यात कानाला बी कळत न्हाई. ते डोळे मिटून वाजवत राह्यचे, हात तारांच्या वर नुसताच फिरत राह्यचा. दोन-चार लोकं हसायला लागली तेव्हा माझं डोकं सटकलं!

वैनींनी हात जोडले. "भावजी, काही बी करा, पण ह्यांना खाली बसवू नका." मंग आम्ही ठरवलं. सरांच्या गिटारची वायर नेहमीसारखी मिक्सरला लागायची, पण साउंडवाला तिचं बटण शून्यावर ठेवायचा. गिटारचा आवाज मी कीबोर्डवर काढायचो, सरांच्या हाताकडं बघत. हात वर तर वर, खाली तर खाली. पडलेला पिक बंडू पायानं जवळ ओढायचा अन् गाणं संपलं की सरांच्या खिशात टाकायचा. सरांना कळू द्यायचं न्हाई, एवढी एकच शपथ. लोक म्हणायचे गिटार सुधारली. मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

* * *

यंदा सरांच्याच शाळेचं स्नेहसंमेलन होतं. भर दुपारी, मैदानात मांडव. वैनी पुढच्या रांगेत. सर डोळे मिटून उभे, अन् मी जीव लावून वाजवलं. शेवटच्या गाण्याला पोरांनी खुर्च्या सोडल्या. मुख्याध्यापक स्टेजवर येऊन म्हणाले, "मिलिंदसर, आज तुमच्या गिटारनं मांडव हलवला!" सरांनी हात जोडले. वैनी टाळ्या वाजवत होत्या.

आम्ही सामान आवरायला घेतलं. सर माझ्याजवळ आले.

"दिगू, टोन कसा होता आज?"

"एक नंबर सर!"

"मागपर्यंत जात होता?"

"पार गेटापर्यंत!" बंडू म्हणाला.

सरांनी पिशवीत हात घातला अन् गिटारची वायर बाहेर काढली. घरून निघताना गुंडाळली होती तशीच. रबरबँड बी काढलेला नव्हता.

बंडू उगाच ढोलकीची दोरी सोडायला खाली बसला.

सरांनी डाव्या हातानं खिशातून पिक काढला अन् वीतभर उंचीवरनं माझ्या कीबोर्डवर सोडला. टिक.

"उघडा टोन हाये ह्याचा," सर म्हणाले. "तुझ्याकडं असू दे."