मालवणच्या पाण्यातला हिसका

काल निफाडच्या मळ्यात विहिरीतली मोटर वर काढताना ओला नायलॉनचा दोर तळहातातून सरकला, आणि मी मनानं थेट काही वर्षांपूर्वीच्या मालवणच्या समुद्रात जाऊन पोचलो.

किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या मागे टाकून आमची होडी प्रवाळांवर थांबली होती. डिझेलचा वास, हिरवं नितळ पाणी, खाली पिवळ्या माशांचे थवे. माझ्या वडिलांनी, दादांनी, तरंगायचं जॅकेट घालूनही कमरेला दोर बांधून घेतला. विहिरीत उतरताना आमच्याकडे तसाच बांधतात. खालून हिसका आला की वरच्यानं ओढायचं.

"काका, जॅकेट आसा, बुडाचे नाय तुमी," होडीवाला हसला.

दादांनी टोक माझ्या हातात दिलं. "हिसका लागला की ओढ. इचार करत बसू नको."

पाण्यात उतरून ते पालथे तरंगत खाली मासे बघत राहिले. जरा वेळानं हिसका लागला. मी ओढलं.

"का ओढलं रे?" त्यांनी तोंड वर काढलं.

"तुम्हीच हिसका दिलात ना?"

"नाय दिला."

"मग लाट असेल. हलकाच होता, पण मी विचार करत बसलो नाही."

होडीत बसल्यावर दादा किनारा येईपर्यंत त्या दोराकडे बघत होते. त्यांचा धाकटा भाऊ बापू माझ्या जन्माआधी विहिरीतला गाळ काढायला उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. दोर दादांच्या हातात होता. "त्यानं हिसका दिलाच नाय," असं ते आम्हाला नेहमी सांगत.

आता दादाही नाहीत. काल ओला दोर धरून उभा असताना माझ्या लक्षात आलं, मालवणहून परतल्यावर 'त्यानं हिसका दिलाच नाय' हे वाक्य त्यांनी पुन्हा कधीच म्हटलं नव्हतं.