पलीकडच्या गावाची घंटा

हे मी भावाला सांगितलेलं नाही, वहिनीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा हे तेवढं वगळून बाकीचं बोलते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित सांगता येईल. बघते.

माझी शाळा सातवीत सुटली. आई अंथरुणाला खिळली आणि मी चुलीपाशी आले, एवढंच. पुढे सगळं आयुष्य गेल्यावर भावाने मला इकडे आणलं, ट्रॉयला, मिशिगनमध्ये. त्याचे उपकार मी मोजत नाही, मोजता येणार नाहीत. त्याच्याच ओळखीने आर्थर यांच्या घरचं काम मिळालं. वय चौऱ्याऐंशी, मूल-बाळ नाही, गुडघे गेलेले. जन्म इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. दिवसभर त्यांच्याजवळ राहायचं, जेवण, औषधं, गप्पा. कामाला लागताना त्यांनी विचारलं होतं, इंग्रजी वाचता-लिहिता येतं ना? मी म्हणाले, येस, टेन्थ पास. बोलणं मला जमत होतं. वाचणं — दुकानाच्या पाट्यांपुरतं.

ते गावाबद्दल फार बोलायचे. ओढ्याच्या अलीकडे त्यांचं गाव, पलीकडे दुसरं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ओढ्यावरून दोर टाकून दोन्ही गावांची रस्सीखेच. हरलेले पाण्यात. जिंकलेल्या गावाच्या चर्चमध्ये वर्षभर एक लहान पितळी घंटा राहायची, आणि त्या वर्षीची लग्नं तिच्या नादावर लागायची. घंटा नसलेल्या गावात त्या वर्षी लग्न काढणं म्हणजे नामुष्की. मी हसले होते. आमच्याकडे जत्रेत मानाची काठी आधी कोणाची, यावरून शेजारच्या गावाशी तीन पिढ्या बोलचाल बंद. मला त्या म्हाताऱ्याचं गाव माझ्याच तालुक्यातलं वाटायला लागलं.

आणि मग एका दुपारी त्यांनी कपाटाच्या तळातून ती घंटा काढून माझ्या हातात दिली.

मग ते सांगू लागले. एकोणीस वर्षांचे असताना त्यांचा पाय घसरला म्हणून गाव हरलं होतं. पोरांनी चिडवून चिडवून जीव नकोसा केला. सगळे जेवायला बसले असताना हे पलीकडच्या चर्चमध्ये गेले आणि घंटा कोटात घालून आले. नुसती खोड काढायची होती. दोन दिवसांत परत ठेवणार होते. पण दोन दिवसांत आळ आला तो तिथे घंटा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यावर — यानेच विकली. त्याचं काम गेलं. रस्सीखेच बंद पडली. यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे हे अमेरिकेला आले, घंटा ट्रंकेत. साठ-पासष्ट वर्षं.

त्यांनी पत्र लिहिलं, त्यात सगळं कबूल केलं. घंटा आणि पत्र एका खोक्यात बांधलं, वर त्या चर्चचा पत्ता घातला. म्हणाले, "मला माफी नको. त्यांनी फक्त घंटा मिळाली एवढं कळवलं, तरी मी सुटलो."

खोकं मला दिलं. मला, का तर मला गाव कळतं म्हणून.

भावाचा मुलगा रोहन मला पोस्टात सोडायला आला होता. म्हणाला, "आत्या, मी येऊ का आत? ओव्हरसीज पार्सलला फॉर्म असतो, मी फिल करून देतो ना." मी म्हणाले, नको, मला येतं, तू गाडीत बस. असं का म्हणाले? आधी टेन्थ पास म्हणून बसले होते, म्हणून. काउंटरवरच्या बाईने फॉर्म पुढे केला. बारीक अक्षरं, चौकोनच चौकोन. मागे रांग. तिने विचारलं, आत काय आहे, किंमत किती. माझ्या डोक्यात एकच शब्द — चोरीची. मी सॉरी म्हणाले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. आवाराच्या कोपऱ्यात जुने कपडे, भांडी दान टाकायची मोठी पेटी होती. खोकं त्यात टाकलं. आत घंटा एकदा वाजली.

दुसऱ्या दिवशी परत गेले. पेटी रिकामी होती.

आर्थरना सांगितलं, पाठवलं. किती सहज निघालं तोंडातून — मी अजून त्या आवाजाला दचकते. मग ते वाट बघू लागले. रोज टपाल आलं की मान वर. जाहिराती, बिलं. उन्हाळा गेला, पानं लाल झाली. एक दिवस ते म्हणाले, "त्यांनी माफ केलेलं नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं." तेव्हा तरी बोलता आलं असतं की नाही? मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "काही गावं माफ नाही करत, मिस्टर आर्थर. आमच्याकडेही नाही करत." हा विषय पुन्हा निघू नये, म्हणून. आणि तो निघाला नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधी ते गेले.

त्यांची पुतणी तिकडून आली, त्याच गावची. घर आवरताना मी तिला चहा दिला. मी धीर करून विचारलं, तुमच्याकडे रस्सीखेच असते का अजून? ती खूश झाली. म्हणाली, पुन्हा सुरू झालीय, फक्त घंटा नाही. पलीकडच्या एका म्हाताऱ्याने विकून खाल्ली म्हणे. त्याची पणतवंडं आता दोर ओढायला येतात, आणि काठावरून आमचं सगळं गाव ओरडतं — "आले बघा घंटाविके!" सांगताना तिला हसू आवरेना. लहान मुलगीसुद्धा आहे म्हणे त्यांच्यात, ती रडते, पण दरवर्षी येते.

मी कप विसळत राहिले. जाताना तिने मला मिठी मारली, म्हणाली, काकासाठी तुम्ही फार केलंत. आणि मी थँक यू म्हणाले.

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तिला सांगायला फॉर्म भरावा लागत नाही, बोलणं तर मला येतं. मी फोन केलेला नाही.

गेल्या सोमवारी ईस्टरचा दुसरा दिवस होता. ओढ्याच्या काठी लोक जमले असतील, ती मुलगी आली असेल, ओरडा झाला असेल. तिच्या पणजोबाने काही विकलं नव्हतं हे माहीत असलेलं जिवंत माणूस एकच, आणि ते इथे ट्रॉयमध्ये भावाच्या ओट्यापाशी उभं राहून गवार निवडत होतं.