बार्बरा की कॅथरीन

आमच्या शेजारच्या हेडविगबाई म्हणजे खाणकामगाराची बायको. नवरा आलॉइस खाणीत उतरला की बाई चर्चच्या भिंतीतल्या संत बार्बराच्या दगडी मूर्तीपुढे उभ्या राहायच्या. अशी चाळीस वर्षं. खाणकामगारांना सांभाळते ती बार्बराच. आलॉइस शेवटी घरच्या अंथरुणात गेला, खाणीत नाही. हे तिचंच देणं, यात बाईंना कधी शंका आली नाही.

मूर्तीला तोंड मात्र उरलं नव्हतं. जर्मनीतल्या या रूर कोळसापट्ट्यातल्या पावसात धुराचं आम्ल उतरतं आणि दगड खातं. वर काळी खपली धरते, ती पडली की आतून पिठासारखी भुकटी गळते. नाक गेलं, बोटं गेली. बाजूला एक गोळा तेवढा राहिला. तो बार्बराचा बुरूज, असं सगळं गाव म्हणे; तिच्या मूर्तीजवळ बुरूज असतोच.

गेल्या मार्चमध्ये नवी मूर्ती घडवायला लुडगर पाथरवट आला. जुनीची खपली काढताना त्यानं हाक मारली.

"हेडविगबाई, इकडे या जरा. हा बुरूज नव्हे. चाकाचे दात आहेत. चाक असतं संत कॅथरीनजवळ."

"चष्मा पूस आधी."

"पुसलाय. बोट लावून बघा."

त्यांनी बोट लावलं. एक दात, शेजारी दुसरा.

"मग बार्बरा म्हटलं कुणी?"

"खाणवाल्यांच्या गावात कुठलीही दगडी बाई बार्बराच. तुमच्या नवऱ्यानं कोळसा काढला, आम्ही जाळला, त्या धुरानं हिचं तोंड गेलं. आता हिला विचारणार कसं?"

चर्चचे फादर म्हणाले, "मूर्ती शाबूत पाहिलेल्या तुम्ही एकट्याच उरलात. तुम्ही म्हणाल ती घडवू."

दुपारभर त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. कॉफी गार झाली.

"वडील बार्बरा म्हणायचे. हातात काय होतं, मी बघितलंच नाही गं. मी तोंडाकडे बघायचे."

"मग सांगा बुरूज. कोण खोटं ठरवतंय?"

"तिच्याबद्दल खोटं बोलू?" बाई म्हणाल्या, "मी नाव घेतलं एकीचं, ऐकलं दुसरीनं. का ऐकलं असेल?"

मीही रोज नाव घेऊनच प्रार्थना करते.

सकाळी त्यांनी लुडगरला सांगितलं, "चाक कर." मग मूर्तीपुढे हात जोडले. "संत..." एवढंच आलं.

"आधी माफी मागू की आभार मानू?" त्यांनी मला विचारलं.