दादाची कावीळ

पुण्याहून दादाला घरी आणलं, तेव्हा त्याचं कोकेन सुटून चार दिवस झाले होते. तो दिवसभर मेल्यासारखा झोपायचा, उठला की अधाशासारखा खायचा आणि काही कारण नसताना रडायचा. आईनं गारखेड्यातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं, त्याला कावीळ झालीय. मग काय! खालच्या चाची रोज उसाचा रस पाठवायला लागल्या. मी वाळूजची शिफ्ट करून दारात पाऊल टाकलं, की आई म्हणायची, "हळू गं, आत्ताच त्याचा डोळा लागलाय." नशा यानं करायची आणि लाडही याचेच! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पंधरा दिवसांनी मला खरोखरची कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. म्हटलं, आता माझी पाळी.

आईनं माझे डोळे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "कुणाला दाखवू नको बाई. लोक इचारतील, त्याचे डोळे कुठं असे झाले होते?" तिनं दादाचाच काळा गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला.

तेवढ्यात खालून रसाचा तांब्या आला. आई तो घेऊन दादाच्या खोलीत गेली.