जिला मी शेपूट म्हटले

सावेसरांनी माझी गुणपत्रिका नंतर पाहिली, आधी माझा अंगठा मोजला. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी संस्कृतची पदवी घेऊन गेलो होतो. या पदवीचे इथे काय करायचे, हा प्रश्न मुलाखतीत माझ्यासकट सर्वांनाच पडला होता. सरांनी खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढले, माझ्या अंगठ्याची रुंदी वहीत टिपली आणि म्हणाले, "मऊ आहे. कष्टाची सवय नाही. असाही एक हवाच होता." यंत्रांची माहितीपुस्तके लिहिण्यासाठी माझी नेमणूक झाली.

श्री. दामोदर सावे आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला 'काहीतरी हलकेफुलके' लिहायला सांगितले आहे. लिहितो, पण हलकेफुलके बोलण्याचा माझा या विषयातला पूर्वेतिहास चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सरांचे काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे. इंटरनेटची मोठी यंत्रे असतात, त्यांच्या तोंडावर खाचांच्या ओळी असतात. प्रत्येक खाचेत बोटाएवढी धातूची डबी बसते. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे ती विजेच्या संदेशात रूपांतर करते. ती ऑप्टिकल मॉड्यूल म्हणून ओळखली जाते. आतल्या प्रकाशाची काळजी घेणारे पुष्कळ विद्वान कारखान्यात होते. ती डबी माणसाच्या हाताने आत कशी जाईल आणि बाहेर कशी येईल, याची काळजी एकटे सर घेत. आत बसताना 'टक्' झाले पाहिजे, आणि पंख्यांच्या घोंघाटात ते कानाला नाही तरी बोटाला ऐकू आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

माझ्या पहिल्या पुस्तिकेत मी 'मॉड्यूल हळुवारपणे निष्कासित करावे' असे लिहिले होते. सर म्हणाले, "रेजिनाला वाचून दाखवा. तिला कळलं तर छापू." रेजिना आमची तंत्रज्ञ, पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हन्जे कामावरनं काढतात, तसं काय?" वाक्य बदलले. त्यानंतर मी लिहिलेले प्रत्येक पान आधी रेजिनाच्या कसोटीला उतरे.

याच रेजिनाच्या उजव्या अंगठ्याचे नख एकदा अर्धे तुटून आले. डबी काढायची तर तिच्या तोंडाशी असलेली तारेची बारीक कडी नखाने खाली पाडावी लागे, मग खटका सुटे. खाचांच्या दोन ओळींच्या मधे बोट शिरत नसे, आणि घाईत कोणी काचेचा तंतूच धरून ओढला की सगळेच बिघडे. सरांनी तिच्या नखाला पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन गावोगाव अंगठे मोजत हिंडू लागले. लेखनिक म्हणून मी बरोबर. नंदाखाळच्या बागेतल्या बायका झाल्या, गास गावचे शेतकरी झाले. पाचूबंदरला मासळीच्या लिलावात रेजिनाच्या आईने हात पुढे केला, पण विचारलेच, "काय सर, आंगठी करनार काय? ती पन आंगठ्यात?" सर गंभीरपणे म्हणाले, "आंगठी नाही, मावशी. तुमच्या मुलीचं नख राहावं म्हणून."

सहा महिन्यांनी सरांनी नमुना तयार केला. डबीला एक लवचीक लाल पट्टी, वीतभर बाहेर आलेली. ती ओढली की खटकाही सुटे आणि त्याच ओढीत डबी बाहेर येई. रेजिनाने डोळे मिटून दहा वेळा काढली, दहा वेळा बसवली.

नमुन्याच्या निवडीच्या सभेला कारखान्याचे मोठे साहेब होते, परदेशी ग्राहकाचा प्रतिनिधी होता. सरांनी नमुना टेबलावर ठेवला. क्षणभर कोणी बोलेना, आणि मला शांतता सहन होत नाही. मी म्हणालो, "माकडाचा माणूस झाला तेव्हा शेपूट गळालं. सर ते परत लावतायत."

साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. प्रतिनिधीला भाषांतर करून सांगितले, तोही हसला. त्यानंतर त्या पट्टीकडे कोणी गंभीरपणे पाहू शकले नाही. नमुना कपाटात गेला. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझे होते. 'रचना दृष्टीस विरूप भासल्याने विचार स्थगित' असे मी लिहिले. माझ्या संस्कृतचा कारखान्याला झालेला तेवढाच उपयोग.

वर्षभरात सर निवृत्त झाले, आणि मला वर्तमानपत्रात वार्ताहर व्हायचे होते तेव्हा शिफारसपत्रही त्यांनीच दिले. 'यांच्या एका वाक्याने काय घडू शकते ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे.' ही ओळ मी कित्येक वर्षे अभिमानाने लोकांना दाखवत होतो.

मागच्या वर्षी रेजिनाने फोटो पाठवला. ती आता एका डेटा सेंटरची प्रमुख आहे. फोटोत यंत्रांची भिंत आणि खाचाखाचांतून लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या. पुढे इतरांनाही तेच सुचले होते. खाली तिने लिहिले होते, 'शेपट्या आल्या बघा. मधल्या काळात माझी तीन नखं गेली.' ते शिफारसपत्र मी त्या दिवशी पुन्हा वाचले.

मी नंदाखाळला सरांकडे गेलो. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या, "चहा टाकते, तेवढा साखरेचा डबा काढा. शेपूट ओढा त्याचं." फळीवरच्या प्रत्येक डब्याला, प्रत्येक खणाला लाल पट्टी होती. काकूंची बोटे संधिवाताने वळत नाहीत. शेपूट हा शब्द त्या घरात कुठून आला, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मी सरांची माफी मागितली. पत्रातली ती ओळ टोमणा होती का, तेही विचारले. "स्तुतीच होती. नाव चांगलं होतं ते," सर म्हणाले. मग बागेकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मीपण हसलो होतो. सगळे हसतायत, आपण एकटे कसे बसणार? तेवढ्यात त्या पोरीचं नख विसरलो. तेवढं मनाला लागतं."

मी उठून साखरेचा डबा फळीवर परत ठेवला.

त्या इतिवृत्ताचा लेखक मीच, तेव्हा दुरुस्तीही मीच करतो: रचना विरूप नव्हती, शेरा विरूप होता. शंभर वर्षांचा तयार आशीर्वाद मला पाठ आहे, पण न मोजता दिलेले काही सर स्वीकारत नाहीत. म्हणून मोजूनमापून मागतो. सरांचा हात स्थिर राहो, कॅलिपरवरची बारीक रेघ त्यांना दिसत राहो, काकूंचे डबे एका ओढीत निघोत. आणि पुन्हा कधी एखाद्या सभेत सगळे हसू लागले, तर सरांना न हसता बसता येईल आणि मला गप्प बसता येईल, इतके निरोगी आयुष्य आम्हा दोघांना मिळो. सरांना आधी.