हर्सूलच्या अंधाऱ्या खोलीतलं पीक

औरंगाबादला हर्सूलमध्ये भाड्याने राहणाऱ्या दादाने घरातली एक खोली कायम बंद ठेवलीय, खिडक्यांना ओली पोती लावलीत आणि पहाटे पिशव्या भरून सायकलवर कुठंतरी जातो, असं पैठणच्या बाजारात कुणीतरी आईच्या कानावर घातलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा धुमसत होता ते दिवस. आईची झोपच उडाली. "जाऊन बघून ये, पोरगा काय उद्योग करतोय," ती म्हणाली. संशय घेण्यात घरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मलाच धाडलं.

घरात, कमी उजेडात काय पिकवता येईल असं तुम्ही वाचक नेहमी विचारता, त्यासाठी हा जुना प्रवास सांगते. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं.

सकाळची एसटी पकडली. रस्ता सरळ, पण खड्ड्यांची कमतरता नाही. बिडकीन गेल्यावर शेतांमधून कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसू लागली. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणाकडं चालला? आडनाव काय तुमचं?" मी नुसतं "भावाकडं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. स्टँडवर भजी खाल्ली, तेल आदल्या दिवसाचंच असावं. रिक्षावाला औरंगपुऱ्याच्या गर्दीतून मुद्दाम लांबून नेतोय असं वाटून मी त्याला दोनदा टोकलं.

"हर्सूल के जेल में जाना है क्या बाजी? इत्ता कायको घबरा रै?" तो हसत म्हणाला. मला काही हसू आलं नाही.

दादा चिकलठाण्याच्या कारखान्यात ड्युटीवर होता. दारात सुमनवहिनी उभी होती आणि घरमालक काका तिला दम देत होते. "आज सांजच्याला माझ्याम्होरं ती खोली उघडायची. नाय तर सामान भरायचं."

हे घर मिळण्याआधी 'जयभीमवाल्यांना खोली देत नाही' असं दादाने किती दारांत ऐकलं होतं, ते आम्हाला माहीत होतं. काका गेल्यावर मी वहिनीला सरळच विचारलं, "आत नामांतराची पत्रकं लपवलीत का?"

"आत या ताई. पण दार लगीच लावा."

आत अंधार, गारवा आणि ओल्या मातीचा वास. जमिनीवर भिजवलेली वाळू. छताला दोऱ्यांनी प्लॅस्टिकच्या फुगीर पिशव्या टांगलेल्या, आणि त्यांच्या भोकांतून पांढऱ्या छत्र्यांचे झुपके बाहेर आलेले. धिंगरी अळंबी! गव्हाचं काड भिजवायचं, कढत पाण्यातून काढायचं, निथळलं की थराथराने बियाणं घालून पिशवी बांधायची. बियाणं काडात पसरेपर्यंत अंधार, मग जरासाच उजेड आणि हवा. हीटर नको, मोटर नको, वीज गेली तरी काही अडत नाही. फक्त ओल टिकली पाहिजे. पहाटे दादा तोडलेला माल स्टेशनजवळच्या हॉटेलात पोचवायचा. अजिंठा-वेरूळला येणारे परदेशी पाहुणे आवडीने खायचे म्हणे.

"मग काकांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? कुत्र्याच्या छत्र्या लावतेत, लोकाला इख घालतेत म्हणून बोंब झाली असती. त्यात आमच्या हातचं."

संध्याकाळी काका-काकू शेजाऱ्यांना घेऊनच आले. दादाने दार उघडलं. काकांनी काठीने एक पिशवी फाडली, कोपरे धुंडाळले. काडाशिवाय काही सापडेना, तसा त्यांचा चेहरा उतरला. वहिनीने तिथंच कांद्यावर धिंगरी परतली, सगळ्यांसमोर खाल्ली आणि ताटली काकूंपुढे धरली.

"आज उपास हाय माझा," काकू म्हणाल्या. कुठल्या देवाचा ते मी विचारलं नाही, पण माझा काही विश्वास बसला नाही.

"ऱ्हावा तुम्ही," काका म्हणाले. "पण ही खोली दिवसभर उघडी दिसली पायजे. दार बी, खिडक्या बी."

"काका, वारं लागलं की समदं वाळून जाईल."

"मग दुसरीकडं बघा."

दादा ताडकन उठला. तो काही बोलण्याआधीच वहिनी खिडकीशी गेली आणि पोती ओढून काढू लागली. "पीक परत लावता येतं," ती त्याला म्हणाली. "घर कोण देतंय आपल्याला?"

उन्हाळा तोंडावर आलेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरड्या वाऱ्याने छत्र्यांच्या कडा पिवळ्या पडून मुडपल्या. दादा खोलीकडे न बघताच ड्युटीवर गेला होता. मला इतका राग आला होता की वहिनीने केलेला चहा तसाच निवला.

आज माझ्या न्हाणीघरातही धिंगरी लटकते, दार लावलेलं असतं आणि त्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही. एवढी साधी गोष्ट त्या दोघांना मिळाली नाही, हे प्रत्येक तोडणीला आठवतं.

पैठणला परतले तेव्हा आई ओट्यावर वाट बघत होती. मी सांगितलं, वाईट काही नाही, खाण्याचं पीक होतं, घरमालकाची खात्री पटली, आता खोली दिवसभर उघडी असते. तिने डोळ्यांना पदर लावला.

"बरं झालं माय," ती म्हणाली. "पोराच्या घरात उजेड तरी आला."

मी व्हय म्हणाले. त्या उजेडाने काय केलं, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.