ताजबीनं धरलेला दरवाजा

ताजबी आमच्या दवाखान्यात लागली तेव्हा मी नुकतीच नर्सिंग करून निरवांगीच्या खेड्यातून बारामतीत आले होते. आज मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज आहे आणि माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. ताजबी मात्र कधी टरकली नाही. भवानीनगरच्या एसटीनं सकाळी सातला यायची आणि थेट कापडाच्या खोलीत शिरायची. थिएटरच्या हिरव्या चादरी आणि गाऊन धुवायचे, वाळवायचे, उजेडावर धरून भोक शोधायचं आणि घडी घालून निर्जंतुक करायला द्यायचे, हे तिचं काम. घडी तरी कसली! कोपरा असा मुडपलेला, की न बघता हात घातला तरी चादर आपसूक उलगडावी.

मग कोरोना आला. एकदा वापरून फेकायचे गाऊन, तशाच चादरी, सगळं पाकिटातलं. कापडाच्या खोलीला कुलूप लागलं आणि ताजबीच्या हातात फरशीचा फडका आला. साथ गेली तरी पाकिटं काही गेली नाहीत. खोटं कशाला बोलू, मला ते बरंच वाटलं. फाडा, वापरा, पिवळ्या पिशवीत टाका. डोक्याला ताप नाही.

गेल्या वर्षी आमच्या सर्जननी, रणजित डॉक्टरांनी, त्या पिवळ्या पिशव्या मागच्या अंगणात मांडून दाखवल्या. एका हर्नियाच्या ऑपरेशनला दोन पिशव्या. "हे सगळं जाळतात," ते म्हणाले. "त्यापेक्षा कापड परत आणू. तीन महिने बघू. सिस्टर, ठेवायचं का नाही ते तुम्हीच लिहून द्या."

मी मनात म्हटलं, करा हौस. एक जखम चिघळली की कापड बंद. हे ताजबीलाही ठाऊक होतं. कापड बंद झालं की ती पुन्हा फरशीवर, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. तरी म्हणाली, "शिष्टर, मी हाय की. तुमी बगाच."

अडीच महिने नाव ठेवायला जागा सापडली नाही. मी शोधत होते, हेही सांगून टाकते.

त्या दिवशी ऑपरेशनच्या आधी मी नव्या पोरींना शिकवत होते. हिरव्या चादरीला सुई टोचली, वरून पाणी सोडलं. थेंब पलीकडं उतरला. "रक्त असंच झिरपतं, त्यातूनच जंतू जातात. थिएटरच्या चादरीला टाका घालायचा नाही. फाटली की बाद." ताजबी दारात गठ्ठा घेऊन उभी होती. गठ्ठा ठेवून ती गेली.

पाच मिनिटांनी थिएटरचा दरवाजा धाडकन उघडला. टेबलावर सोमेश्वरनगरचा बिरू, ऊस वाहणारा गडी, हर्नियासाठी झोपला होता. मी गठ्ठ्याची गाठ सोडणार, तोच ताजबी दरवाजा धरून ओरडली, "थांबा! उघडू नगा ते!"

मी तिला बाहेर ओढलं. "काय झालं?"

"सहा चादरी मी रफू केल्यात, शिष्टर. परवाच. अजून एकबी वापरली न्हाय, आजच पैली निघाली."

"अक्कल कुठं ठेवली होती, मावशी? फाटली तर बदली मागायची!"

"सारखी बदली मागितली तर म्हणतील, कापड परवडत न्हाय." तिचा आवाज फाटला. "आमच्या आईनं अख्ख्या चाळीच्या गोधड्या शिवल्या. फाटकं टाकवंना वो मला."

बिरूसाठी पाकीट फोडलं आणि ऑपरेशन नीट झालं. मग मी गठ्ठ्यातली रफू केलेली चादर खिडकीशी धरली. मला टाका दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. शेवटी ताजबीनं बोटानं चाचपून दाखवलं, "हितं."

ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं?

डॉक्टर म्हणाले, "लिहा सिस्टर, काय ते." मला हवी होती ती संधी आयती समोर होती. बाहेर ताजबी फरशीचा फडका पिळत होती, कुणी न सांगताच. टेबलावर फोडलेलं पाकीट पडलं होतं. ते कुणी भरलं, कुठं भरलं, मला काही माहीत नव्हतं. त्यात चूक झाली असती तर तिथून कोण धावत येणार होतं?

मी लिहिलं : कापड ठेवावं. फाटक्या चादरीला न विचारता बदली द्यावी.

डॉक्टरांनी वाचलं. "आणि उद्या तुमचंच ऑपरेशन निघालं तर?"

"तर ताजबीनं घडी घातलेलं कापड लागंल. नसंल तर मी टेबलावर चढणार न्हाय." एवढ्या वर्षांनी माझ्या तोंडून निरवांगी बाहेर पडली.

बाहेर येऊन तिच्या हातातला फडका हिसकावला आणि तिथं कापडाच्या खोलीची किल्ली ठेवली. ती किल्लीकडं बघतच राहिली. मी खेकसले, "बगता काय, मावशी? सहा चादरींची बदली आणायचीय. चला, मी येते मागायला."